स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर १८१७ – ४ सप्टेंबर १८६३) हे नागपूर येथे कार्यरत असलेले स्कॉटिश धर्मप्रचारक, शिक्षक, भूवैज्ञानिक व जीवाश्मसंग्राहक होते. मध्य भारतातील ज्वालामुखीजन्य खडकांच्या थरांमध्ये सापडणाऱ्या प्राचीन वनस्पती, शंख-शिंपले, मासे आणि कीटक यांच्या अवशेषांचा पद्धतशीर संग्रह करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. नागपूर परिसरातून त्यांनी पाठविलेल्या भुंगेऱ्यांच्या अवशेषांचा भारतातील जीवाश्म कीटकांच्या सर्वांत जुन्या शास्त्रीय नोंदींमध्ये समावेश होतो. गोंड समाजातील गीते व परंपरा यांचे त्यांनी केलेले संकलन त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. नागपूरजवळच्या बोरी (आजचे बुटीबोरी) येथील मुक्कामाकडे परतत असताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

सुरुवातीचे जीवन

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या बेरिकशर परगण्यातील डन्स या गावी झाला. त्यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हिस्लॉप हे पुढे धर्मविषयक लेखक म्हणून प्रसिद्धीस आले. गावातील शाळेत प्राथमिक शिक्षण घेतल्यानंतर स्टीफन यांनी एडिंबरो आणि ग्लासगो येथील विद्यापीठांत अध्ययन केले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून 'फ्री चर्च' हा स्वतंत्र पंथ निर्माण झाला. हिस्लॉप त्या पंथात सामील झाले आणि पुढील वर्षी धर्मप्रचारक म्हणून भारतात येण्यास निघाले. पत्नी इरॅस्मा यांच्यासह ते डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईस पोहोचले आणि १८४५ च्या प्रारंभी नागपुरात दाखल झाले.

नागपुरातील शैक्षणिक कार्य

त्या काळी नागपुरात तिसरे रघूजी भोसले यांचे राज्य होते. सीताबर्डी येथे इंग्रजांचा रेसिडेंट राहत असे आणि कामठी येथे मद्रास फौजेची छावणी होती. नागपुरात मिशन सुरू व्हावे म्हणून त्याच फौजेतील विल्यम हिल या अधिकाऱ्याने देणगी दिलेली होती. हिस्लॉप यांनी मराठी भाषा शिकून घेतली व १८४६ मध्ये शहरात शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून आले. या दोघांची जोडी सुमारे आठ वर्षे टिकली. पुढे भूविज्ञानाच्या इतिहासात ही दोन नावे जोडीनेच घेतली जाऊ लागली.

डिसेंबर १८५३ मध्ये रघूजींचे निधन झाले आणि औरस वारस नसल्याचे कारण देऊन १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. प्रकृती बिघडल्याने हंटर १८५५ मध्ये मायदेशी परतले. त्यांनी तेथे पुढे एका मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादन केले. हिस्लॉप यांचे शाळेचे काम अखेरपर्यंत चालू राहिले. भूविज्ञान हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता. दौऱ्यावर असताना, शाळांची तपासणी करताना किंवा सायंकाळच्या फेरफटक्यात जेवढा वेळ हाती लागे तेवढ्यातच त्यांनी ते केले, हे त्यांच्या संग्रहाचे मोल ठरविताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

टाकळीचा थर

नागपूर शहर भूवैज्ञानिकदृष्ट्या एका सीमेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेस दख्खन ट्रॅप या काळ्या बेसाल्ट खडकाचा प्रदेश सुरू होतो, तर पूर्वेस ग्रॅनाइट व नाइस यांसारखे पुष्कळच जुने खडक आढळतात. ज्वालामुखीच्या उद्रेकातून लाव्ह्याचे थर एकावर एक साचत असताना दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात खोलगट जागी तळी निर्माण झाली. त्यांच्या काठी वनस्पती वाढल्या, पाण्यात गोगलगायी व मासे नांदले, आणि पुढचा लाव्हा आला तेव्हा तळ्याच्या तळाचा गाळ त्याखाली दडपला गेला. अशा थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. त्यांची जाडी कोठे काही सेंटीमीटर, तर कोठे काही मीटर असते.

१८५१ मध्ये हिस्लॉप व हंटर यांना नागपूरच्या पश्चिमेकडील टाकळीच्या माळावर अशा थरात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख आढळले. (ही टाकळी आणि हिस्लॉप यांच्या मृत्यूशी संबंधित असलेले टाकळघाट ही दोन वेगळी गावे आहेत. नावांतील साम्यामुळे दोहोंची गल्लत होण्याचा संभव असतो.) असे शंख प्रथम त्यांनाच सापडले असे मात्र नाही. जॉन ग्रँट माल्कमसन यांनी १८३० च्या दशकातच या प्रदेशातील ट्रॅप खडकांमधील जीवाश्मांविषयी लिहिले होते. हिस्लॉप व हंटर यांचे वेगळेपण त्यांच्या चिकाटीत आहे. एकाच लहानशा थराकडे ते वारंवार परतले आणि शंखांपाठोपाठ फळे, बिया, लाकूड, खवले, सूक्ष्म कवचधारी प्राणी व अखेरीस कीटक असा समग्र समूहच त्यांनी उजेडात आणला.

या शोधांचा वृत्तांत प्रथम मुंबईतील एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यानंतर १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील दोघांचा विस्तृत निबंध छापला गेला. १८६० मध्ये त्याच नियतकालिकात ट्रॅप खडकांशी निगडित गाळथरांवर हिस्लॉप यांचा स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाला.

कीटकांचे जीवाश्म

नागपूरच्या थरांतील कीटकांचे वर्णन एडिंबरोचे निसर्गअभ्यासक अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये केले. मरे हे मूळचे वकील, परंतु वनस्पती व भुंगेरे यांच्या अभ्यासाकडे वळलेले होते. त्यांच्यासमोर आलेले अवशेष मुख्यतः भुंगेऱ्यांच्या पुढच्या कठीण पंखांचे, म्हणजे पंखकवचांचे होते. त्यांपैकी एकास त्यांनी लोमॅटस हिस्लॉपी व दुसऱ्यास मेरिस्टॉस हंटेरी अशी नावे देऊन दोन्ही शोधकर्त्यांचा गौरव केला. पहिला प्रकार रत्नासारख्या चमकदार भुंगेऱ्यांच्या (ब्युप्रेस्टिडी) कुलात आणि दुसरा सोंडकिड्यांच्या (कर्क्युलिओनिडी) कुलात घातला गेला. धान्यात पडणारे सोंडे याच दुसऱ्या गटाचे असल्याने विदर्भातील वाचकास तो अपरिचित नाही.

या ठिकाणी एक अडचण उभी राहते आणि ती नागपूरच्या जीवाश्मांपुरती मर्यादित नाही. भुंगेऱ्यांची कुले ओळखण्यासाठी ज्या अवयवांचा सर्वाधिक आधार घेतला जातो, त्यांत शृंगिका अग्रस्थानी आहेत. कीटकाच्या डोक्यावरील या सांधेयुक्त संवेदनशील अवयवांची जोडी गंध, स्पर्श, आर्द्रता, तापमान आणि काही कीटकांत ध्वनी यांचे ज्ञान करून देते. प्रत्येक शृंगिकेचे तीन भाग असतात. डोक्याच्या खोबणीत बसलेला पहिला खंड आधाराचे काम करतो, दुसरा खंड आखूड असतो आणि त्यापुढे अनेक लहान खंडांचा मिळून बनलेला लवचिक दोरीसारखा भाग असतो. कीटकांत स्नायू केवळ पहिल्या खंडात असतात. हा खंड डोक्यातील स्नायूंनी हलतो व त्याच्या आतील स्नायू दुसऱ्या खंडाला हलवितात. पुढच्या लांब भागात स्नायू नसतात, त्यामुळे तो स्वतःहून वाकत नाही, तर मुळापासून फिरविला जातो. दुसऱ्या खंडात कंपने टिपणारे एक इंद्रिय असते. बाल्टिमोर येथील वैद्य क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनी डासांमध्ये त्याचे वर्णन १८५५ मध्ये केले, म्हणून ते जॉन्स्टन यांच्या नावाने ओळखले जाते. योगायोगाने हिस्लॉप व हंटर यांचा नागपूरविषयक निबंधही त्याच वर्षीचा आहे.

बहुतेक भुंगेऱ्यांच्या शृंगिकेत अकरा खंड असतात, परंतु त्यांची घडण कुलागणिक बदलते. ब्युप्रेस्टिडी कुलात बरेचसे खंड एका बाजूस टोकदार असल्याने शृंगिका करवतीसारखी दिसते. सोंडकिड्यांत ती थेट सोंडेवर उगवते, पहिला खंड लांब असतो, त्यापुढे ती कोपरासारखी वाकते आणि शेवटचे खंड एकत्र येऊन गदेसारखा फुगवटा तयार होतो. एखादा अखंड नमुना हाती असेल तर ही दोन कुले वेगळी करण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही. नागपूरच्या दगडात मात्र सोंड नव्हती व शृंगिकाही नव्हत्या. उपलब्ध होते ते पंखकवचांचे आकार, त्यांवरील खाचा आणि बिंदूंच्या ओळी.

असे का घडते याचे उत्तर या अवयवांच्या घडणीत आहे. पंखकवच हे काइटिन व प्रथिने यांच्या एकत्रित थराने घट्ट झालेले एकसंध पत्र असते. पाण्यात पडलेला भुंगेरा कुजू लागला की अंतर्गत मऊ भाग प्रथम नष्ट होतात, नंतर सांध्यांवरील पातळ पडदे विरघळतात आणि शरीराचे सुटे भाग अलग होतात. शृंगिका ही तर जवळजवळ सांध्यांचीच बनलेली असते. अकरा खंडांमधील दहा पडदे सुटले की तिचे काहीच ओळखण्याजोगे उरत नाही. त्यामुळे तळ्याच्या गाळात टिकतात ती पंखकवचे. अखंड शृंगिका मिळण्याची शक्यता कीटक झटपट बंदिस्त झाला तरच असते, उदाहरणार्थ झाडाच्या राळेत अडकून तिचे अंबर झाले तर. गुजरातमधील वस्तान येथील लिग्नाइट खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरामध्ये असे कीटक मोठ्या संख्येने आढळले आहेत, परंतु तो शोध एकविसाव्या शतकातला आहे.

शृंगिकांच्या वाढीच्या पद्धतीमुळे ही अडचण आणखी गुंतागुंतीची होते. झुरळासारख्या कीटकांत पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच त्यास शृंगिका असतात. प्रत्येक वेळी कात टाकताना मुळाजवळ नवे खंड तयार होत जातात आणि शृंगिका लांबते. भुंगेऱ्यांचे तसे नाही. त्यांच्या अळीच्या शृंगिका अत्यंत आखूड व मोजक्या खंडांच्या असतात. प्रौढाची शृंगिका कोशावस्थेत अळीच्या त्या आखूड अवयवाच्या पेशींतून नव्याने घडते. माश्यांमध्ये याहून वेगळा प्रकार दिसतो. त्यांच्या अळीच्या शरीरात पेशींचे पुंजके दडलेले असतात व त्यांतूनच प्रौढाचे डोळे आणि शृंगिका बनतात. एकाच जनुकाच्या बिघाडामुळे फळमाशीच्या डोक्यावर शृंगिकेऐवजी पाय उगवतो, हे ज्ञात झाल्यापासून शृंगिका व पाय हे मुळात एकाच साच्यातून निघालेले अवयव आहेत असे मानले जाते. फळमाशीच्या शृंगिकेतील गंधसंवेदी अवयव कसे घडतात या विषयावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी व त्यांच्या शिष्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी महत्त्वाचे संशोधन केले. अर्थात अळीचा अवशेष सापडला तरी त्यावरून प्रौढाच्या शृंगिकेची कल्पना करता येत नाही. त्यामुळे जीवाश्म भुंगेऱ्याचे कुल ठरविताना प्रौढाच्या सुट्या भागांवरच विसंबावे लागते.

म्हणून मरे यांनी केलेले वर्गीकरण तात्पुरते मानणेच योग्य ठरते. याचा दोष त्यांना अथवा हिस्लॉप यांना देता येणार नाही. नमुन्यात जे टिकले त्याचेच वर्णन करणे त्यांच्या हाती होते. या सुट्या पंखांवरूनही एक गोष्ट निश्चित झाली, ती म्हणजे नागपूरच्या त्या प्राचीन तळ्याकाठी कीटकांचे वैविध्य होते व पोषणासाठी पुरेशी वनस्पतीही होती.

इतर जीवाश्म व वयाचा वाद

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरील मांगली येथील वाळुकाश्मात हिस्लॉप व हंटर यांना एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून त्या प्राण्यास ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. हे खडक ट्रॅपच्या कितीतरी पूर्वीचे आहेत. नागपूर परिसरातील गोंडवनी काळाच्या वनस्पतींचा संग्रह चार्ल्स बनबरी यांनी अभ्यासून १८६१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ग्लॉसॉप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांचा समावेश होता. आज हीच पाने भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे भूखंड पूर्वी एकत्र होते याच्या प्रमुख पुराव्यांपैकी एक मानली जातात, पण हिस्लॉप यांच्या काळात त्या कल्पनेचा मागमूसही नव्हता.

अंतरा-ट्रॅपी थर तृतीय महाकल्पातील आहेत, असे हिस्लॉप यांचे मत होते. या थरांखालचा ट्रॅप नंतर खालून घुसलेला असावा असाही त्यांचा कयास होता. हे दुसरे मत पुढे टिकले नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या अभ्यासकांनी वरचा व खालचा असे दोन्ही ट्रॅप क्रमाने वाहिलेले लाव्हेच आहेत असे दाखवून दिले. वयाचा वाद मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. विसाव्या शतकात बिरबल सहानी यांनीही वनस्पतींच्या आधारे हे थर तृतीय महाकल्पाच्या आरंभीचे मानले होते. पुढे किरणोत्सर्गी पद्धतींनी वय मोजले गेल्यावर दख्खन ट्रॅपचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉरांच्या अस्ताच्या सुमाराचा आहे असे स्पष्ट झाले. हिस्लॉप यांनी गोळा केलेले तळ्यांतील जीव त्यामुळे नव्याने महत्त्वाचे ठरले, कारण त्या महाविनाशाच्या काळात गोड्या पाण्याच्या काठी काय जगत होते याचा पुरावा जगात थोड्याच ठिकाणी इतक्या विपुलतेने मिळतो.

गोंड समाजाविषयीचे संकलन

धर्मप्रचाराच्या निमित्ताने हिस्लॉप गोंड व इतर आदिवासी जमातींच्या गावांतून हिंडत. त्यांच्या चालीरीती, भाषेतील शब्द व गीते यांची त्यांनी टिपणे केली. लिंगो या दैवी पुरुषाची कथा सांगणारे, गोंडांच्या परधान गायकांच्या परंपरेतील दीर्घ गीत हा त्यांतला सर्वांत मोलाचा भाग होय. ही टिपणे त्यांच्या हयातीत अपुरी राहिली. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये छापली. ही जमात, तिची भाषा आणि तिचे साहित्य यांचा अभ्यास करणारे संशोधक या ग्रंथाकडे आजही वळतात. तरीही एका परकीय धर्मप्रचारकाच्या नजरेतून झालेली ही नोंद आहे याचे भान ठेवूनच ती वाचली पाहिजे.

मृत्यू

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. टेंपल व हिस्लॉप यांचा लवकरच स्नेह जमला. नागपूरच्या दक्षिणेकडील टाकळघाट येथे मोठ्या दगडांची अनेक वर्तुळे आहेत. ही प्राचीन दफनस्थळे असून त्यांत माती, लोखंड व मडकी यांचे अवशेष मिळतात. सप्टेंबर १८६३ च्या आरंभी टेंपल यांचा मुक्काम जवळच्या बोरी येथे होता व त्या मुक्कामातून दोघे टाकळघाटची वर्तुळे खणून पाहण्यास गेले होते.

४ सप्टेंबर रोजी दिवसभराचे काम आटोपून टेंपल व इतर मंडळी पुढे निघाली. हिस्लॉप टाकळघाटच्या शाळेची पाहणी करण्यासाठी मागे थांबले आणि नंतर एकटेच घोड्यावरून बोरीकडे निघाले. दिवस पावसाळ्याचे होते. वाटेतला नाला मधल्या काळात फुगला होता. सकाळी सहज ओलांडलेले ते पात्र संध्याकाळी खोल झाले होते. काही वेळाने त्यांचा घोडा स्वाराविना मुक्कामी परतला. मशाली घेऊन शोध घेतला असता त्यांचा मृतदेह पाण्यात मिळाला. सेहेचाळीसाव्या वाढदिवसास अवघे चार दिवस उरले होते. नागपुरात त्यांचे दफन करण्यात आले.

नागपूरला रेल्वे यायला त्या वेळी काही वर्षांचा अवकाश होता आणि बोरी हे मार्गावरील मुक्कामाचे साधे गाव होते. आज बुटीबोरी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी औद्योगिक वसाहत असून वर्धा मार्गाने जाणाऱ्या प्रवाशांना हे गाव तिच्यामुळेच माहीत असते.

नावाने जतन झालेल्या गोष्टी

हिस्लॉप यांनी काढलेल्या शाळेचा वारसा पुढे चालवीत १८८३ मध्ये नागपुरात महाविद्यालय सुरू झाले व त्यास हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. मुंबईतील वैद्य व निसर्गअभ्यासक हेन्री जॉन कार्टर यांनी गोड्या पाण्यात वसाहती करून राहणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याच्या प्रजातीस १८५८ मध्ये हिस्लॉपिया हे नाव दिले आणि ते प्राणिशास्त्रात आजही वापरात आहे. डब्लिनचे सॅम्युअल हॉटन यांनी नागपूरकडील दोन खनिजांना १८५९ मध्ये हिस्लॉपाइट आणि हंटराइट म्हटले होते. पुढील तपासणीत ती स्वतंत्र खनिजे नसून ज्ञात खनिजांची मिश्रणे वा प्रकार असल्याचे आढळल्याने ही दोन्ही नावे मागे पडली.

जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले हिस्लॉप यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये प्रकाशित झाले. टाकळघाट व त्याच्या शेजारच्या खापा येथे नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८-६९ मध्ये शास्त्रीय उत्खनन झाले. त्यातून दगडी वर्तुळे ही लोखंडाचा वापर करणाऱ्या व घोडे बाळगणाऱ्या लोकांची असल्याचे आणि जवळच त्यांची वस्तीही असल्याचे सिद्ध झाले.